मळ्यातील घराचे कुंपण : हिवाळी पाहणी आणि दुरुस्तीच्या नोंदी (२०२३-२४)

१८ नोव्हेंबर २०२३

नारायणगावच्या पूर्वेला, कुकडी कालव्यावर भिजणाऱ्या शिवारात आमचे मळ्यातले घर आहे. घर, गोठा, कांद्याची चाळ (कांदा साठवायची शेड) आणि मधले अंगण मिळून १२० फूट लांब व ९० फूट रुंद अशा जागेला चारही बाजूंनी कुंपण आहे. ४० × ४० × ५ मिलिमीटरचे लोखंडी अँगल आठ-आठ फुटांवर रोवलेले, त्यांना पाच फूट उंचीची दहा गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) चेन लिंक जाळी बांधलेली आणि वर काटेरी तारेचे तीन पदर, अशी त्याची रचना आहे. उत्तरेला शेजारच्या तात्यांचा आडसाली ऊस आहे, पूर्वेला गोठा आणि उकिरडा कुंपणाला लागून आहेत, दक्षिणेला रस्ता व फाटक आहे आणि पश्चिमेला आमचेच कांद्याचे रान आहे.

कुंपणाची कामे आम्ही दिवाळीनंतर काढतो. पावसाळ्यात वेलींनी आणि गवताने जाळी झाकलेली असते व खालचे काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात जमीन इतकी कडक होते की पहारीला दाद देत नाही. कार्तिकापासून माघापर्यंत मात्र वेली वाळलेल्या असतात आणि मातीत खणण्यापुरती ओल शिल्लक असते. यंदा पाऊस कमी झाल्यामुळे ही ओल लवकर सरेल, म्हणून खोदाईची कामे आधी उरकायची आहेत.

घाईचे दुसरे कारण ऊसतोड हे आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांच्या जुन्नर वनविभागात बिबट्या बहुतेक उसात राहतो आणि मादी बहुधा उसातच पिल्ले देते. तोड सुरू झाली की त्याचा आडोसा एकेका प्लॉटने कमी होत जातो आणि तो वस्तीच्या आसपास अधिक दिसू लागतो. पाच फुटांची जाळी बिबट्याला अडवू शकत नाही. तो ती सहज ओलांडतो. त्यामुळे रात्रीचे संरक्षण बंदिस्त गोठ्याने करायचे असते. कुंपणाचे काम निराळे आहे : वासरे व कुत्री आत ठेवणे, बिबट्या ज्यांच्या मागावर येतो ती भटकी कुत्री बाहेर ठेवणे, आणि येणाऱ्या जनावराला उघड्यावरून यायला लावणे. कोणती दुरुस्ती आधी आणि कोणती नंतर, हे या तीन कामांवरून ठरवले आहे. कुंपण दिसते कसे, याला त्यात जागा नाही.

१९ नोव्हेंबर

सकाळी बाहेरच्या बाजूने आणि दुपारी आतल्या बाजूने पाहणी केली. आतून पाहिले तर कुंपण नेहमी बरेच वाटते; खरी अवस्था बाहेरून, खाली बसून पाहिल्यावर कळते. प्रत्येक अँगल घोट्याच्या उंचीवर हातोडीने वाजवून पाहिला. धड लोखंड खणखणते, गंजून पोखरलेले बद्द आवाज करते. संशय आला तेथे जमिनीलगतची माती चार बोटे उकरून स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिले.

उत्तर आणि पश्चिम बाजूंचे काही अँगल ओळंब्यात (सरळ उभे) नाहीत. सर्वांत वाईट अँगलचा माथा साडेतीन इंच बाहेर झुकला आहे. दक्षिण बाजू मुरमावर आहे आणि तेथे एकही अँगल हललेला नाही. पूर्वेला गोठ्याच्या मागे जमिनीलगत गंज खोलवर गेला आहे. जाळीची खालची कड उत्तरेला दोन ठिकाणी जमिनीपासून सुटली आहे. फाटकाखाली चाकोऱ्यांमुळे पडलेल्या फटीतून आमचा कुत्रा ये-जा करतो, याचा पुरावा त्याच्या पाठीच्या केसांनी खालच्या पट्टीवर ठेवला आहे.

वरचे काटेरी तारेचे पदर जवळजवळ सर्वत्र शाबूत आहेत. कुंपण पाहणाऱ्याची नजर आधी काट्यांकडे जाते, पण आमच्याकडे बिघाड नेहमी गुडघ्याच्या खालीच सापडतो.

२७ नोव्हेंबर

काल अवकाळी पाऊस झाला. जिल्ह्यात आणि शेजारच्या नाशिक व नगर भागांत ठिकठिकाणी गारपीटही झाली. आमच्याकडे नुकसान मुख्यतः कांद्याच्या रोपांचे झाले, पण कुंपणाच्या दृष्टीने हा पाऊस उपयोगी ठरला, कारण पाणी नेमके कोठून वाहते हे डोळ्यांनी पाहता आले. अंगणातले पाणी ईशान्य कोपऱ्याकडे धावते आणि तेथून जाळीखालून उसात उतरते. तेथे वीतभर खोल ओघळ पडली असून तिच्यातून कोल्हा किंवा कुत्रे आरामात शिरू शकेल.

ही ओघळ मातीने बुजवण्यात अर्थ नाही, पुढच्या पावसात ती पुन्हा पडेल. पाण्याला वाट देऊन जनावराची वाट बंद करायची आहे. म्हणून ओघळीत हातात मावतील असे दगड दोन थरांत रचले आणि त्यांवर जुन्या जाळीचा तुकडा काटकोनात वाकवून घातला : उभा भाग कुंपणाच्या जाळीला बांधला, आडवा भाग दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरला आणि त्यावर पुन्हा दगड व माती टाकली. उकरणारे जनावर जाळीच्या अगदी पायथ्याशी उकरायला लागते, आणि तेथे त्याला खालीही जाळीच लागते. दीड फूट मागे सरून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. उत्तर बाजूला कड सुटलेल्या दोन्ही ठिकाणी हाच उपाय केला.

३ डिसेंबर

कललेल्या अँगलांचे काम सुरू केले. थंड देशांत जमिनीतले पाणी गोठून खांब वर ढकलले जातात. आपल्याकडे तोच उपद्व्याप काळी माती करते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि हिवाळ्यापासून आकसू लागते. खांबाभोवती आधी केसाएवढी आणि पुढे बोट जाईल एवढी भेग पडते. जाळीचा ताण एका बाजूने असेल तर खांब भेगेच्या दिशेने कलतो, पुढच्या पावसात त्या भेगेत माती भरते आणि तो कललेलाच पक्का होतो. दरवर्षी थोडे थोडे करून साडेतीन इंच होतात.

पहिला अँगल उकरला तेव्हा तो जेमतेम दीड फूट खोल आणि तोही काळ्या मातीतच उभा असल्याचे दिसले. त्याच्या पायातले काँक्रीट वर रुंद आणि खाली निमुळते होते. काळ्या मातीत असा आकार सर्वांत वाईट, कारण फुगणाऱ्या मातीला तो वर उचलायला सोयीचा पडतो. आमच्या उत्तर बाजूला अडीच फुटांवर मुरूम लागतो. म्हणून नवे खड्डे तीन फूट घेतले, तळाशी पहारीने थोडे रुंद केले आणि १:२:४ प्रमाणाचे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट मुरमापासून वर आणले. अँगलची मूळ लांबी पुरेशी नसल्यामुळे खालून अडीच फुटांचा तुकडा वेल्डिंगने जोडून घेतला. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत न वापरता काँक्रीटच्या सर्व बाजूंनी मुरूम भरून धुमसला आणि वरचा काँक्रीटचा गळा जमिनीपासून चार इंच उंच ठेवून त्याला बाहेर उतार दिला, म्हणजे अँगलच्या बुडाशी पाणी थांबणार नाही.

सात दिवस ओले गोणपाट ठेवून पाणी मारायचे आहे. तोपर्यंत जाळी या अँगलांना बांधायची नाही, फक्त दोरीने अडकवून ठेवायची आहे. तात्या येऊन पाहून गेले. त्यांचे म्हणणे असे : "एवढा खर्च करण्यापेक्षा बाहेरून एक टेकू लाव की." टेकू कोपऱ्यांवर उपयोगी आहे आणि तेथे तो आहेच, पण मधल्या प्रत्येक अँगलला बाहेरून टेकू दिले तर तेच टेकू कुत्र्याला आणि बिबट्याला चढायला पायरी होतात, आणि ते तात्यांच्या बांधात जातात ही आणखी वेगळी अडचण. आमचे कुंपण हद्दीच्या दगडांपासून फूटभर आत आहे आणि ते तसेच राहावे, यातच दोघांचे भले आहे.

१० डिसेंबर

पूर्व बाजूचा गंज. गोठ्यातले मूत आणि उकिरड्याचा निचरा कुंपणाच्या पायथ्याशी येतो. त्यातले क्षार आणि सततची ओल यांमुळे तेथील अँगल जमिनीच्या वर-खाली तीन-चार इंचांच्या पट्ट्यात खाल्ले गेले आहेत. त्याखाली खोलवर लोखंड बरे आहे, कारण तेथे हवा पोहोचत नाही, आणि वरही बरे आहे, कारण तेथे ओल टिकत नाही. जेथे दोन्ही मिळतात तेथेच गंज माजतो. हातोडी मारताच लोखंडाचे पापुद्रे सुटले. तार ब्रशने साफ करून व्हर्निअरने मोजले तेव्हा पाच मिलिमीटरपैकी एका ठिकाणी दोनच मिलिमीटर उरले होते.

ज्यांची जाडी निम्म्याहून कमी झाली होती, त्या अँगलांना गंजलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना फूटभर पुढे जाईल असा नवा तुकडा पाठीला लावून वेल्ड केला. वेल्डरने आधी जाळी सोडायला लावली आणि ते योग्यच होते : जाळीवर जस्ताचा थर असतो, तो तापून निघणारा पांढरा धूर श्वासात गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. बाकीचे अँगल खरडून, पॉलिश पेपरने घासून, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर काळा डांबरी रंग दिला. थंडीत रंग वाळायला वेळ लागतो आणि पहाटेचे दव ओल्या रंगावर पडले तर पृष्ठभाग मळकट होतो, म्हणून सकाळी दहानंतर सुरुवात करून दुपारी तीनला ब्रश खाली ठेवला.

जाळीचे निरीक्षणही येथेच नोंदवतो. तारेवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरायचे कारण नाही. जस्त स्वतः झिजून आतल्या लोखंडाला वाचवत असते. तांबूस रंग दिसला की जस्त संपले असे समजावे. आमच्या जाळीवर तांबूस ठिपके एकाच प्रकारच्या जागी सापडले : जेथे जेथे ती काळ्या बाइंडिंग तारेने अँगलला बांधली होती तेथे. बांधकामाच्या सळ्यांसाठी आणलेली ही तार स्वस्त असते आणि घरात पडलेली असते, पण तिच्यावर जस्त नसल्यामुळे ती पहिल्याच पावसात गंजते व तो गंज शेजारच्या तारेवर उतरतो. सर्व गाठी कापून जस्ती तारेने पुन्हा बांधल्या. वेळखाऊ आणि बोटे सोलणारे काम आहे, परंतु माझ्या मते या हिवाळ्यातले सर्वांत फायद्याचे.

उकिरड्याचा निचरा वळवण्यासाठी कुंपणापासून तीन फूट आत चर खणला. तो वळवला नसता तर वरचे सगळे काम तीन-चार वर्षांत पुन्हा करावे लागले असते.

१७ डिसेंबर

कुंपणालगतच्या कडुलिंबाला पूर्वी खांब समजून काटेरी तार ठोकली होती. आता झाडाने ती गिळली आहे : साल दोन्हीकडून वाढून ओठांसारखी मिटली आहे आणि तारेचा एक काटा तेवढा बाहेर दिसतो. ती ओढून काढायचा प्रयत्न केला तर सालीला मोठी जखम होईल, आणि आत राहिलेला तुकडा झाडाला फारसा त्रास देत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना खोडापासून चार बोटांवर तार कापली, आतला भाग झाडातच सोडला आणि अलीकडे स्वतंत्र अँगल रोवला. पुढे कधी हे झाड तोडायची वेळ आली तर करवतीसाठी धोक्याची सूचना म्हणून ही नोंद असू द्यावी.

त्याच झाडाची एक आडवी फांदी कुंपणावरून थेट गोठ्याच्या पत्र्यावर येते. बिबट्या झाडावर उत्तम चढतो, तेव्हा ही फांदी म्हणजे त्याच्यासाठी पूलच होता. ती उतरवली. शेवग्याच्या फांद्याही छाटल्या. शेवगा ठिसूळ असल्यामुळे त्याच्यावर मोठे जनावर चढेल असे नाही, पण फांदी मोडून जाळीवर पडली की जाळी बसते.

पश्चिमेच्या बाहेरच्या बाजूला आजोबांनी लावलेली शेराची वई (शेर या चिकाच्या झुडपाचे जिवंत कुंपण) आहे. ती तोडावी की ठेवावी यावर घरात मतभेद होते. आईचे म्हणणे असे की वाऱ्याला आणि धुळीला ती अडवते; माझे म्हणणे असे की दाट वईच्या बुडाशी जनावर दबा धरून बसले तर दोन हातांवरूनही दिसणार नाही. शेवटी वई ठेवली, पण जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या सर्व फांद्या काढून टाकल्या, म्हणजे विजेरीचा प्रकाश आरपार जातो. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते, म्हणून हे काम चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून केले.

२९ डिसेंबर

तात्यांची तोड आली. टोळीने आमच्या बाजूपासून सुरुवात न करता पलीकडून, ओढ्याच्या बाजूने सुरुवात करावी असे मला वाटत होते, पण ते उलटे झाले असते : तोडणी पुढे सरकेल तसे उसातले जनावर आमच्या कुंपणाकडे ढकलले गेले असते. तात्यांनी मुकादमाला आमच्या बाजूने सुरुवात करायला सांगितले, त्यामुळे पळणाऱ्याला ओढ्याकडची वाट मोकळी राहिली. उसात पिल्ले सापडली तर हात न लावता काम थांबवून वनविभागाला १९२६ वर कळवायचे, हेही मुकादमाशी बोलून ठेवले. तसे काही सापडले नाही.

पाचटाचा (तोडीनंतर उरणाऱ्या उसाच्या वाळलेल्या पाल्याचा) प्रश्न राहिला होता. मी तात्यांना म्हटले, "तात्या, कुंपणाच्या कडेला तेवढं पेटवू नका." त्यांनी सरळ विचारले, "पेटवलं की रान एका दिवसात मोकळं होतं. कुट्टी करायला मजूर कुठून आणू?" त्यांची अडचण खोटी नाही, जरी पाचट जमिनीत कुजवणे खोडव्याच्या (तोडलेल्या उसाच्या बुंध्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाच्या) दृष्टीने चांगले असले तरी. माझी अडचण अशी की जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळते आणि पेटलेल्या पाचटाच्या ढिगाला ते तापमान ओलांडायला वेळ लागत नाही. शिवाय कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणाऱ्या झटका मशीनचे प्लॅस्टिकचे इन्सुलेटर त्याच्या कितीतरी आधी जातात. तडजोड म्हणून जाळीपासून पंधरा फुटांच्या पट्ट्यातले पाचट आम्ही स्वतः ओढून आमच्या कांद्याच्या बांधावर आच्छादनाला नेले आणि बाकीचे त्यांनी पेटवले. राख मशीनच्या सौर पॅनेलवर येऊन बसली, ती पुढच्या कामात धुवायची आहे.

७ जानेवारी २०२४

तारा आणि जाळी ताणण्याचे काम. हिवाळ्यात हे काम करताना तापमानाचा हिशेब ठेवावा लागतो. लोखंडाची तार एक अंशामागे आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांशाने कमी-जास्त होते. आमच्या उत्तर बाजूची सलग तार सुमारे ३६ मीटर आहे. पहाटे दहा अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी चाळीस अंश धरले तर तिच्या लांबीत १३ मिलिमीटरचा फरक पडतो. मेमध्ये कडक ताणलेली तार जानेवारीच्या पहाटे कोपऱ्याचा अँगल आत ओढते, आणि जानेवारीच्या पहाटे बेताची ताणलेली तार मेमध्ये लोंबते. म्हणून दुपारी बाराच्या सुमारास, अंग उन्हाने तापलेले असताना, तार बोटाने दाबल्यावर इंचभर दबेल एवढाच ताण दिला. प्रत्येक बाजूच्या एका टोकाला टर्नबकल (फिरवून ताण बदलण्याचा स्क्रू) बसवले असल्यामुळे पुढे कमी-जास्त करता येईल.

फाटकाच्या खाली दोन्ही चाकोऱ्या भरून आठ इंच रुंद काँक्रीटचा उंबरा घातला. फाटक आणि उंबरा यांत आता तीन बोटांची फट आहे. कुत्र्याने दोन दिवस नाराजी व्यक्त केली.

२१ जानेवारी

झटका मशीन. उत्तर आणि पूर्व बाजूंना, जाळीपासून नऊ इंच बाहेर, दोन फूट व साडेचार फूट उंचीवर साध्या जस्ती तारेचे दोन पदर आहेत आणि ते सौर पॅनेल व बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या मशीनला जोडले आहेत. मुद्दाम लिहितो की यात काटेरी तार वापरायची नसते, कारण तीत अडकलेल्याला सुटता येत नाही. प्रमाणित मशीन दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर ठेवते आणि झटक्याची ऊर्जा मर्यादित असते, त्यामुळे जनावर दचकून मागे हटते, मरत नाही. घरातल्या विजेची तार कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने दरवर्षी माणसे मरतात, तरीही शिवारात तशा जोडण्या आजही दिसतात.

टेस्टरवर दुपारी ६.२ किलोव्होल्ट दिसले, पण पहाटे दवात फक्त ३.१. दव पडल्यावर कोठेतरी गळती होत होती. वाळलेल्या वेली काढल्या तरी फरक थोडाच पडला. मग जुना ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, स्टेशन नसलेल्या जागी लावून तारेच्या कडेने चाललो. सेकंदाला एक अशी बारीक टिकटिक सर्वत्र ऐकू येते, पण उकिरड्यामागच्या एका इन्सुलेटरजवळ ती ताडताड अशी मोठी झाली. इन्सुलेटर काढून पाहिला तर मागच्या बाजूने केसासारखी चीर होती. समोरून तो अगदी नवा दिसत होता. बदलल्यावर दुसऱ्या पहाटे ५.६ किलोव्होल्ट मिळाले. खोडदची महाकाय मीटरतरंग दुर्बीण आमच्यापासून फार लांब नाही, आणि आकाशातल्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपणाऱ्या तिच्या तीस ताटल्यांच्या शेजारी ठिणग्या पाडणारे कुंपण ठेवणे हे शेजारधर्मालाही धरून नव्हते.

अर्थिंग (झटक्याचा प्रवाह जमिनीतून मशीनकडे परत आणणारी जोडणी) तपासण्यासाठी तारेच्या दूरच्या टोकाला लोखंडी पहार जमिनीत ठोकून तिच्याशी तार जोडली आणि मशीनजवळच्या अर्थिंगच्या सळईवर मोजले. ९०० व्होल्ट आले, म्हणजे जमीन कोरडी पडत चालली आहे आणि परतीचा प्रवाह नीट वाहत नाही. न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या जागेत, जेथे बारमाही ओल असते, सहा फुटांच्या दोन सळया दहा फूट अंतराने ठोकून मूळ सळईला जोडल्या. नंतर २०० व्होल्ट आले, हे चालण्यासारखे आहे.

पॅनेल धुतले आणि त्याचा कल वाढवला. आम्ही १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरअखेर माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच असतो, आणि पॅनेल मात्र जवळजवळ आडवे बसवलेले होते. मशीन रात्रभर चालते आणि हिवाळ्यात रात्रच मोठी, त्यामुळे बॅटरीला दिवसाचा प्रत्येक तास हवा असतो.

४ फेब्रुवारी

उत्तरेकडे, कुंपणाच्या बाहेर तीन फुटांचा पट्टा फणीने बारीक करून ठेवतो आहे, त्यावर सकाळी ठसे वाचता येतात. आज ईशान्य कोपऱ्याजवळ साडेसात सेंटिमीटर रुंदीचे ठसे होते. चार बोटे, मागे तळव्याची गादी, आणि नखांच्या खुणा नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, बिबट्याच्या चालण्यात ती आत ओढलेली असतात. ठसे उसाच्या मोकळ्या रानातून आले, जाळीला समांतर वीसेक फूट चालले आणि ओढ्याकडे वळले. दगडांनी बुजवलेल्या ओघळीजवळ माती थोडी उकरलेली आहे, पण ते काम बहुधा कुत्र्याचे असावे. वनरक्षकांना फोटो पाठवले. त्यांनी गोठा रात्री बंद ठेवण्याची आणि अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर न सोडण्याची सूचना पुन्हा दिली. दोन्ही आम्ही पाळतोच.

गोठ्याच्या खिडकीची जाळी मात्र बारा गेजची आहे, ती दहा गेजची करायला हवी. वेल्डर पुढच्या रविवारी येणार आहे. दक्षिण बाजूच्या काटेरी तारेचा एक पदर आणि कांद्याच्या चाळीमागचे दोन अँगल यांचे रंगकाम शिल्लक आहे. ते कांदा काढणीपूर्वी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात होईल. शेराची वई खालून फुटू लागली असून ती जूनपूर्वी एकदा परत छाटावी लागेल.